गालातली खडीसाखर

डॉक्टर मॅडमनी समोरच्या पडद्यावर माझ्या जबड्याचा फोटो लावला आणि पेनाच्या टोकानं एकेका दातावर थांबत त्या म्हणाल्या, "ह्या दाढेत आता काही राहिलं नाही. ह्या दोघींची नस उघडी पडलीय. आणि समोरचे वरचे चारही दात हिरडीजवळ पोखरलेत. काकू, हा डेंटल कॅरीज आहे आणि बराच पुढं गेलाय."

डेंटल कॅरीज म्हणजे आपण दाताला कीड लागली म्हणतो ते. कीड म्हणत असलो तरी आत अळी वगैरे काही नसते, हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणी आमच्या अंगणात एक फिरस्ती बाई यायची. तिनं माझ्या आत्याच्या दाढेतून अळी काढून तळहातावर वळवळताना दाखवली होती. आत्यानं तिला पायलीभर ज्वारी दिली. दाढ दुखायची ती दुखतच राहिली.

मी खुर्चीत उताणी, तोंडावर दिव्याचा उजेड. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, बोलायला मऊ पण मुद्द्याला पक्क्या. काही विचारायचंय का, म्हणाल्या. अशा वेळी माणूस दुखेल का, किती चकरा माराव्या लागतील, असलं काहीतरी विचारतो. मी विचारलं, "मॅडम, श्रावणात मला गाता येईल का?"

त्या जरा गोंधळल्या. "गाण्याचा आणि दातांचा काय संबंध?" म्हणाल्या. तो संबंध मी आधी तुम्हालाही सांगते, नाहीतर माझी धडपड कशासाठी होती ते लक्षात यायचं नाही.

माझं नाव महानंदा. लातूर जिल्ह्यात चाकूरपासून थोडं आत आमचं गाव. घरचं किराणा दुकान, थोडी शेती, आणि माझं भजन. श्रावणात आमच्या मठात शिवनाम सप्ताह असतो. सात दिवस नामस्मरण थांबत नाही, संध्याकाळी भजन आणि मग कीर्तन. भजनाला पुढं बसून जो पहिली ओळ उचलतो त्याच्या चालीनं सगळे टाळकरी जातात. आमच्या गावात ती जागा पिढ्यानपिढ्या पुरुषांची होती. तिथं पहिल्यांदा बसणारी बाई म्हणजे आमची अव्वा, मला भजन शिकवणारी. तिच्यानंतर बसले ती मी.

मोठेपणा सांगते असं वाटलं तर वाटू द्या. मला ऐकायला उदगीरकडून, कंधारकडून माणसं येतात. हे मी कुणाला सांगू लागले की आमचे हे दुकानातून खाकरतात. खाकरू द्या. येतात तर येतात.

आता दातांचं. गळा कितीही चांगला असो, शब्द फुटायला दात लागतात. स, त, द ही अक्षरं जीभ दातांना टेकल्याशिवाय धड निघत नाहीत. समोरचा एक दात गेला की त्या फटीतून वारा सुटतो. आमच्या भजनात शब्दालाच सगळी किंमत. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला ओळ कळली नाही तर त्या चालीचं काय लोणचं घालायचंय? मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आपण समोरचे दात वाचवायच्या मागं लागू. पण वचन देत नाही."

हे सगळं सुरू झालं उन्हाळ्यात. माठातलं पाणी प्यायले की वरच्या दातांतून सणक जायची. मी पाणी कोमट करून प्यायला लागले आणि विषय संपवला. त्याआधी कधीतरी हिरडीच्या कडेला दातावर पांढुरके, खडूसारखे डाग दिसले होते. मग ते पिवळे झाले, मग तपकिरी. दुखत नव्हतं म्हणून मी बघून न बघितल्यासारखं केलं. तुमच्या दातावर असे पांढुरके डाग दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. तेव्हा सगळं थोडक्यात आटपतं, काही वेळा तर डागाची वाढ तिथंच थांबवता येते, असं मॅडम म्हणाल्या. दात दुखायला लागतो तोवर रोग निम्मं घर खाऊन बसलेला असतो.

नंतर डावीकडची दाढ ठणकायला लागली. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या. शेजारणीनं मिसरी घास म्हणून सांगितलं. तंबाखू भाजून केलेली ती भुकटी आमच्याकडे कितीतरी बाया सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात आणि दात घट्ट राहतात म्हणतात. मी तिला हात लावला नाही याचा मला आजही आनंद आहे. मिसरीनं दुखणं बधिर होतं, दात बरा होत नाही, आणि तंबाखू तोंडाला जे करतो ते वेगळंच.

आणि एका सोमवारी मठात भजन चालू असताना माझ्या 'स'ला शीळ आली. समोरच्या दाताचा कोपरा दुपारीच कडक धपाटं खाताना मोडला होता, मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. माइकमधून ती शीळ अख्ख्या गावानं ऐकली. टाळकऱ्यांतल्या एकानं खाली मान घालून हसू दाबलं. मी ओळ पुरी केली आणि भजन संपताच घर गाठलं. इतका अपमान मला कधीच वाटला नव्हता.

आमचे हे म्हणाले, "काढून टाक समदे आन् कवळी बशीव. एकदाची कटकट मिटंल." त्यांचा हेतू चांगला होता. पण माझ्या डोळ्यापुढं अव्वा आली.

अव्वाला सगळं गाव अव्वाच म्हणतं. आमच्याकडे कर्नाटक जवळ, त्यामुळं आईला, आजीला अव्वा म्हणायची रीत आहे. ती माझी नात्यानं कुणी नाही, गल्लीतली. पण मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा धुणं धुताना माझं गुणगुणणं तिनं ऐकलं आणि माझ्या सासूला सांगून मला भजनात नेलं. एकेक चाल तिनं मला तीस-तीसदा म्हणायला लावली. शाबासकी कधी दिली नाही. जमलं की ती पुढची ओळ घ्यायची, तेवढंच. साठीच्या आसपास तिचे दात एकामागं एक पडले. शब्द चपटे व्हायला लागले. एका सप्त्यात तिनं पुढची जागा सोडली, मला हातानं तिथं बसवलं आणि स्वतः खांबामागं जाऊन बसली. त्यानंतर ती कधी गायली नाही. वय झालं, सगळे म्हणाले. मीही तेच धरून चालले होते.

म्हणून मी ह्यांना म्हणाले, "कवळी नंतर बघू. लातूरला चला."

पहिल्या दिवशी ओपीजी काढला. हा एक्स-रेच, पण तोंडात काही घालावं लागत नाही. आपण उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळा जबडा एका फोटोत येतो. त्यानंतर रक्तातली साखर तपासायला पाठवलं. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, त्यामुळं त्या पट्टीवरच्या आकड्याची भीती मला ठाऊक होती. रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं दाताचं चित्र बघत होते. त्या चित्रातला दात हसत होता. मला त्याचा राग आला. रिपोर्ट मात्र चांगला निघाला.

मॅडमनी मग चौकशी सुरू केली. गोड किती खाता? मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्या घरात गोडच नाही. ह्यांच्यासाठी चहासुद्धा बिनसाखरेचा होतो आणि मीही तोच पिते. सणाला पुरणाची पोळी होते तेवढीच." थंड पेयं? नाही. बिस्किटं, चॉकलेट? "मॅडम, माझं वय काय, चॉकलेट काय!" ब्रश? रोज सकाळी. रात्री? रात्री नाही.

त्या आरसा फिरवून पुन्हा पुन्हा डाव्या बाजूला बघत होत्या. "मला कोडं पडलंय," म्हणाल्या. "उजवी बाजू जवळजवळ स्वच्छ आहे. कीड आहे ती डाव्या गालाला लागून आणि समोर. असं तोंडात काहीतरी धरून ठेवणाऱ्यांना होतं. तुम्ही तंबाखू धरता का?" मला संताप आला. मी तंबाखू खाणाऱ्यांतली नाही, असं जरा मोठ्यानंच सांगितलं. बाहेर बसलेल्या लोकांनी ऐकलं असणार.

त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला पहिली रूट कॅनाल ठरली. रूट कॅनाल म्हणजे दाताला वरून भोक पाडून आतली सडलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या धुऊन साफ करायच्या आणि त्यात मसाला भरून बंद करायचं. दात जिवंत राहत नाही, पण जागेवर राहतो. भूल देतात, त्यामुळं लोक सांगतात तसं आभाळ फाटत नाही. मला भीती सुईची होती.

त्या दिवशी माझा नंबर यायला उशीर झाला. बाकावर बसून घसा कोरडा पडला. मी सवयीनं पिशवीतली डबी काढली आणि एक खडा गालात सरकवला. तेवढ्यात नाव पुकारलं. मी खुर्चीवर जाऊन पडले. मॅडम म्हणाल्या, "आ करा." मी आ केलं. त्यांनी चिमट्यानं डाव्या गालातून खडीसाखरेचा खडा बाहेर काढला आणि दिव्यासमोर धरला.

"काकू, हे काय?"

"खडीसाखर," मी म्हणाले. "प्रसादाची."

"तुम्ही तर म्हणालात गोड खात नाही."

"खडीसाखर म्हणजे काय गोड खाणं झालं? ती घशासाठी असते."

मी थट्टा करत नव्हते. आमच्या भजनात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. भजनाला बसण्याआधी देवापुढच्या ताटलीतून प्रत्येक गाणाऱ्याच्या हातावर खडीसाखर पडायची. ती चावायची नाही, गालात धरायची. आवाज बसत नाही, घसा ओला राहतो. एक विरघळली की दुसरी. मी डाव्या गालात धरायचे, कारण उजवीकडं माइक असतो आणि त्या बाजूला तोंड वळवून गावं लागतं. सप्त्यात, सोमवारी, सरावाला, आणि पुढं पुढं दुकानात बसल्या बसल्याही. साखर, गूळ, मिठाई यांच्या हिशेबात आम्ही ती कधी धरलीच नाही. जे देवाच्या ताटलीतून येतं ते बाधत नाही, हे आम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं की त्याचा कधी विचारही केला नाही.

मॅडमनी तो खडा एका वाटीत ठेवला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातमोजे काढून स्टूल ओढून बसल्या आणि मला समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. साखर आली की ते ती खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कठीण कवच थोडं थोडं विरघळतं. आपली लाळ त्याच्या मागोमाग ते आम्ल धुते आणि झिजलेलं भरून काढते. पण लाळेला त्यासाठी निवांत वेळ लागतो. जेवणात गोड खाल्लं, चूळ भरली, संपलं, तर लाळ निभावून नेते. गालात तासन् तास खडा धरला तर आम्लाला खळ नाही आणि लाळेला सवड नाही. त्यात गाताना तोंड उघडं, लाळ सुकलेली. "किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली, हे दातांना जास्त महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या. "लग्नात एकदा चार गुलाबजाम खाऊन येणाऱ्यापेक्षा तुमची ही डबी दातांना भारी पडली."

"पण प्रसाद हो, मॅडम..." मी म्हणाले.

"काकू, तुमची श्रद्धा मला कळते. जंतूंना प्रसाद कळत नाही."

मी पुन्हा आ केलं.

त्या दिवशी नस काढत असताना मी दुखण्याचा विचारच केला नाही. भुलीनं अर्धं तोंड सुन्न झालेलं आणि डोक्यात सारखी अव्वा. माझ्या हातावर पहिला खडा तिनंच ठेवला होता. ती स्वतः तर माझ्यापेक्षा किती आधीपासून धरत होती. तिचे दातही आधी समोरचेच गेले होते. मग तिचं वय कसलं झालं होतं? परतीच्या एसटीत मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं भूल उतरून दुखतंय. त्यांनी गपचूप पाण्याची बाटली पुढं केली.

पुढचे आठवडे लातूरच्या चकरांत गेले. ज्या दाढेत काही उरलं नव्हतं ती काढावी लागली. समोरच्या चारांतला एक मुळापर्यंत चिरलेला निघाला, तोही गेला. बाकीचे तीन राहिले. एकाची रूट कॅनाल झाली, दोघांत फिलिंग, म्हणजे कीड कोरून दाताच्या रंगाचा मसाला. डावीकडच्या दाढांना रूट कॅनालनंतर क्राउन बसवले. क्राउन म्हणजे टोपी. नस काढलेला दात कालांतरानं ठिसूळ होतो, म्हणून ती घालतात. ती घालायचा कंटाळा करू नका, अर्ध्यात सोडलेला दात पुढं मोडतो. गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवायचं ठरलं, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारानं मधला खोटा दात. पक्का ब्रिज हिरडी पूर्ण भरून आल्यावर, श्रावणानंतर. तोवर एक तात्पुरता.

तो तात्पुरता दात बसेपर्यंत मी फटीनं वावरले. दुकानात गिऱ्हाईक आलं की पदर तोंडाशी जायचा. मग एक दिवस मला माझाच राग आला. चोरी केली होती का मी? पदर खाली घेतला. कुणी विचारलं तर काय झालं, कसं झालं, हे खडीसाखरेसकट सांगायला लागले. साखर घ्यायला आलेला माणूस तेवढा वेळ अडकायचा, आणि आमचे हे म्हणायचे, "आपलंच गिऱ्हाईक हाकलायलीस." मी ऐकलं नाही.

तात्पुरता दात बसल्यावर जीभ त्याला नवखी होती. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी स, सा, सि, सी करत बसायचे. पन्नाशी ओलांडलेली बाई बाराखडी म्हणतेय म्हणून समोरचा न्हावी दारात उभा राहून ऐकायचा. आठवड्याभरात त्यालाही 'स' नीट ऐकू यायला लागला. तो तसं ओरडून सांगायचा. मला त्याचा राग यायचा बंद झाला.

खरं अवघड काम पुढं होतं. मी आमच्या भजनी मंडळात सांगितलं की आता भजनात खडीसाखर धरायची नाही. बायका माझ्यावर तुटून पडल्या. घसा बसंल, रीत मोडंल, अव्वाच्या काळापासून चालत आलंय, तू कोण बंद करणारी? शेवटच्या मुद्द्याचा निकाल अव्वाच देऊ शकत होती. त्यामुळं मला अव्वाकडे जावंच लागलं. मी ते टाळत होते, हे खरं आहे.

अव्वा ओट्यावर वाती वळत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. लाळ, जंतू, डावा गाल, सगळं. तिचे हात चालूच होते.

"म्हंजे माझे दात वयानं न्हाई गेले?" तिनं विचारलं.

"न्हाई, अव्वा."

तिनं हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं देवानं गाणं काढून घेतलं. माझं काय चुकलं म्हनून लई दिवस इचारलं त्येला."

मी तिचा हात धरला. ती पुढं म्हणाली, "आन् समद्या बायांच्या हातावर म्याच ठिवत आले की गं."

"तुला सांगणारं कुणी नव्हतं, अव्वा. मला लातूरला भेटलं म्हणून कळलं." हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नाही. ते खरंच होतं.

"कवळी करून घे," मी म्हणाले. "गाता येईल थोडं." तिनं मान हलवली. "न्हाई. माझं झालं. तुझं व्हायचंय."

पुढच्या सोमवारी अव्वा भजनाच्या आधी मठात हजर. देवापुढची खडीसाखरेची ताटली तिनं उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन दारात बसली. एका बाईनं हात पुढं केला तर म्हणाली, "भजन झाल्यावर. आता पानी पे." भजन संपलं तशी ती प्रत्येकीच्या हातावर एकच खडा ठेवत गेली. "चावून खा, गालात धरायची न्हाई. आन् चूळ भरूनच घरला जायाचं." अव्वापुढं बोलायची कुणाची छाती नाही. बायकांनी चावून खाल्ली आणि हौदावर रांगेत उभं राहून चुळा भरल्या. प्रसाद देवाचाच राहिला, फक्त त्याची वेळ बदलली. घसा कुणाचा बसला नाही. दोन कडव्यांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट पुरतो, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी करून दाखवलं नव्हतं एवढंच.

त्यानंतर मी मंडळातल्या बायकांना जीपमध्ये घालून लातूरला नेलं. काही जणींना डावीकडं तीच सुरुवात होती, कुणाला उजवीकडं, जिचा जो गाल त्या बाजूला. सगळ्यांचं फिलिंगवर भागलं. नस कुणाचीच काढावी लागली नाही. मला माझ्या आवाजाचा अभिमान आहे, पण त्या दिवशी परतताना जीपमध्ये बायका सुन्न तोंडांनी एकमेकींची थट्टा करत होत्या, तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला कुठल्याच सप्त्यात वाटला नव्हता.

माझ्यासारखं तोंडात काही धरायची सवय कुणाला असेल, कीर्तनकार असाल, मास्तर असाल, खोकल्याच्या गोळ्या चघळत असाल, लेकराला दुधाची गोड बाटली तोंडात देऊन झोपवत असाल, तर आजच त्याकडे बघा. रात्री झोपताना ब्रश कराच. झोपेत लाळ कमी होते, तेव्हा दात उघडे पडतात. पेस्ट फ्लोराइडची घ्या. फ्लोराइड म्हणजे दाताचं कवच घट्ट करणारा क्षार. घासून झाल्यावर पेस्ट थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, ती थोडी दातांवर राहू द्या. हे मॅडमनी मला सांगितलं तसं मी तुम्हाला सांगते.

सप्ताह आला. माझ्या भजनाच्या संध्याकाळी मठ भरला होता. तोंडात काही नसताना सप्त्यात गायला बसायची माझी ही पहिलीच वेळ. गाल रिकामा रिकामा वाटत होता. ज्या टाळकऱ्यानं हसू दाबलं होतं तो समोरच बसलेला. मी पाण्याचा घोट घेतला आणि पहिली ओळ उचलली. तिच्यात 'स' तीनदा येतो. तिन्ही वेळा स्वच्छ आला. टाळ उठले, आणि त्यानंतर मी कुणाकडं बघितलं नाही.

भजन संपल्यावर लोक पाया पडत होते, कौतुक करत होते. मी ते सगळं मनापासून घेतलं, नको नको म्हटलं नाही. गर्दी ओसरल्यावर अव्वा खांबामागून उठून आली. तिनं माझी हनुवटी धरून मला ट्यूबलाइटखाली ओढलं आणि म्हणाली, "आ कर." बैलबाजारात दात बघतात तशी ती माझं तोंड वळवून वळवून बघत राहिली.

"समदे तुझेच हायत?" तिनं विचारलं.

"म्होरला एक सोडला तर माझेच हायत, अव्वा."

तिनं हनुवटी सोडली. म्हणाली, "त्यो एक बी गातोय की."